खिशांतील दप्तर

घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील तालुक्याचीं दोन गांवें. शिरूर ही पुण्याहून अहमदनगराकडे, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराकडे, जाणाऱ्या रस्त्यावरील जुनी बाजारपेठ. दौंड हें लोहमार्गाचें जंक्शन. एकाचा दिवस कांद्या-बाजरीच्या भावानें व उधारीच्या आंकड्यांनीं मोजला जातो, तर दुसऱ्याचा गाड्यांच्या वेळांनीं व कामाच्या पाळ्यांनीं. दोन्ही गांवांतील माणसांना एक गरज मात्र सारखीच आहे. दिवसभरांत जें कानावर पडेल, जें ठरेल, जें देणेंघेणें होईल, तें कोठें तरी टिपून ठेवल्यावांचून त्यांचें चालत नाहीं. ही गरज भागविण्यासाठीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारांत एक नवें साधन आलें. तें तळहाताएवढें, चपटें व सेलावर चालणारें होतें. परदेशी जाहिरातींत त्याला ऑर्गनायझर म्हणत. आपल्याकडील दुकानदार त्याला डिजिटल डायरी म्हणूं लागले. या यंत्राची कथा जेमतेम पस्तीस वर्षांची आहे. परंतु ती या दोन गांवांच्या बाजूनें पाहिली म्हणजे एक गोष्ट प्रकर्षानें दिसते. ज्या सडपातळपणाच्या जोरावर हें यंत्र विकलें गेलें, तो गुण येथील माणसाच्या सर्वांत कमी उपयोगाचा होता. आणि ज्या गोष्टी दुकानाच्या कांचेमागून दिसत नसत त्यांवरच सारें अवलंबून होतें.

मराठी मुलुखांत टिपण ठेवण्याची विद्या कांहीं नवी नव्हती. पुण्याचें पेशवे दप्तर हजारों रुमालांत बांधलेलें आहे, आणि त्या प्रचंड दप्तराचीं लहान लहान रूपें गांवोगांवच्या कुळकर्ण्यांच्या घरीं होतीं. अंगरख्याला किंवा बाराबंदीला आजच्यासारखे खिसे नसत. कुळकर्णी शिवारांत निघाला म्हणजे रुमालांत बांधलेलें दप्तर काखेंत आणि कलमदान कमरेला खोंवलेलें असे. वाण्याची चोपडी गादीवर राही. ज्याला लिहितां येत नसे तो उपरण्याच्या टोंकाला गांठ मारी. खूणगांठ बांधणें हा शब्दप्रयोग भाषेंत उगीच आलेला नाहीं.

त्या काळच्या लेखनव्यवहारांतील एक शिस्त ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आधीं कच्चें टिपण, मग रोजकीर्द, मग खतावणी, अशी एकच रक्कम तीन ठिकाणीं उतरे. कच्चा कागद पावसांत भिजला तरी रोजकीर्दींत आंकडा सांपडे. रोजकीर्द वाळवीनें खाल्ली तरी खतावणीवरून हिशेब पुन्हां उभा करतां येई. म्हणजे विस्मरणाविरुद्ध जो बंदोबस्त होता तो कागदाच्या टिकाऊपणांत नव्हता. नक्कल करण्याच्या रिवाजांत होता.

दुसरी गोष्ट लिपीची. जलद लेखनासाठीं महाराष्ट्रानें मोडी वापरली. परंपरा तिचें श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्रि याला देते. विद्वानांत त्याविषयीं मतभेद आहेत. मोडीचें मर्म असें कीं, कागदावर आडवी रेघ आधींच ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखालीं, बोरू शक्य तों न उचलतां, एका अक्षरांतून दुसऱ्या अक्षरांत वळत जावयाचें. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद तिनें सोडून दिला. सुबोधतेचा कांहीं भाग खर्चून वेग विकत घेतला, असा तो सौदा होता. तो शतकानुशतकें टिकला याचें कारण लिहिणारा आणि वाचणारा हे दोघेहि एकाच वळणांत तयार झालेले असत. पुढें १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें गेलीं, तलाठी आला, आणि मोडीहि त्याच सुमारास शाळांमधून मावळली.

दौंडची हकीकत थोडी निराळी. १८५८ सालीं पुण्याहून डिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो दौंडावरूनच. १८७८ त मनमाडचा फांटा जोडला गेला आणि तें जंक्शन झालें. बाजारच्या माणसाचें ‘दुपार कलल्यावर’ म्हणून भागतें. गाडी सोडणाऱ्याला मिनिट लागतें. कोटाचा खिसा, खिशांतलें घड्याळ, गाड्यांचें वेळापत्रक आणि छापील खिसेवही हीं सारीं एकमेकांच्या सोबतीनेंच आपल्या जीवनांत शिरलीं. खिसेवहीला सेल लागत नाहीं, ती खालीं पडून फुटत नाहीं, आणि शिसपेन्सिलीचें अक्षर पावसाच्या शिंतोड्यांनीं पुसलें जात नाहीं. तिच्यांत दोष एवढाच कीं, हवी ती नोंद शोधण्यासाठीं पानें चाळावीं लागतात आणि वर्ष सरलें कीं सारे पत्ते नव्या वहींत पुन्हां उतरून घ्यावे लागतात.

हा दोष विजेच्या साह्यानें काढून टाकण्याची कल्पना ज्यांना प्रथम सुचली त्यांत एक भारतीय होता, हें फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. १९४२ सालीं ओडिशांतील तितलागड येथें जन्मलेले आणि बडोद्यास शिकलेले सॅम पित्रोदा हे शिकागो येथें टेलिफोनच्या यंत्रविद्येंत काम करीत असत. १९७५ त त्यांनीं इलेक्ट्रॉनिक डायरीची रचना मांडली, आणि १९७६ च्या अखेरीस त्यांना तिचें अमेरिकन पेटंट मिळालें. नांवें, क्रमांक व भेटींच्या वेळा बटणें दाबून भरावयाच्या आणि बटणें दाबूनच परत मागावयाच्या, अशी ती कल्पना होती. बाजारपेठ गाजविली ती मात्र जपान्यांनीं. १९८० नंतरच्या दशकांत कॅसिओ व शार्प या कंपन्यांनीं पाकिटासारखीं उघडणारीं हीं यंत्रें घरोघर नेलीं. हिंदुस्थानांत १९९१ पूर्वीं परदेशी मालावर कडक निर्बंध होते; त्यामुळें आखातांतून किंवा सिंगापुराहून परतणाऱ्या नातलगाच्या पेटींतून आलेली डिजिटल डायरी ही वापरापेक्षां दाखविण्याचीच वस्तु अधिक होती.

तिची मुख्य करामत दूरध्वनीचे क्रमांक साठविण्यांत होती. परंतु शिरूर-दौंडकडे त्या काळीं घरोघर टेलिफोन होते कोठें? पुण्या-मुंबईंत सुद्धां जोडणीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. खेड्यांतील निरोप पोस्टकार्डानें जाई, निकडीचा तारेनें जाई, आणि त्याहून निकडीचा एस. टी. च्या कंडक्टराबरोबर धाडला जाई. ज्याला फिरवावयाचे क्रमांकच पांच-सात, त्याला ते तोंडपाठ असत. त्याच्यासाठीं शेंकडों क्रमांक सांठविणारी वही म्हणजे विहीर नसलेल्या शेतावरची मोट.

येथें इतिहासानें मोठी मौज केली आहे. ज्या पित्रोदांनीं क्रमांक ठेवण्याची वही कल्पिली त्यांनाच पुढें ते क्रमांक निर्माण करण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. १९८४ त सरकारनें सी-डॉट ही संस्था काढली आणि तिच्या उभारणींत ते अग्रभागीं होते. तेथें १२८ जोडण्यांचें एक ग्रामीण एक्स्चेंज तयार झालें. धूळ व उकाडा सोसून थंड हवेच्या यंत्राशिवाय चालावें, हीच त्याच्या रचनेची मुख्य अट होती. १९८६ त कर्नाटकांतील कित्तूर येथें असें पहिलें एक्स्चेंज बसलें. पुढें पिवळ्या पाटीचीं एस. टी. डी. केंद्रें स्टेशनांजवळ व मोटारतळांवर उभीं राहिलीं, आणि तेव्हां कोठें सामान्य माणसाच्या वहींत क्रमांकांचें पान भरूं लागलें. यंत्र आधीं आलें, त्याचें काम मागाहून आलें.

काम आलें तेव्हां दुसरी अडचण पुढें ठाकली. या डायऱ्यांना इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरें अक्षर ठाऊक नव्हतें. मराठी नांव इंग्रजींत बसवावयाचें म्हणजे तें पुन्हां तसेंच सांपडेल याची खात्री नाहीं. ‘वाघ’ कोणी व्हीनें लिहितो, कोणी डब्ल्यूनें. ‘फडतरे’ पीनें सुरू होतात कीं एफनें, हें ज्याच्या-त्याच्या शाळेवर अवलंबून. यंत्र नांवें अक्षरक्रमानें लावी, पण क्रम त्या अक्षरांचा होता जीं त्या नांवांत मुळीं नव्हतींच. मग आपण त्या दिवशीं कोणतें स्पेलिंग धरलें होतें हें आठवलें तरच नोंद हातीं लागे. आठवणीचा भार हलका करण्याकरितां घेतलेल्या वस्तूसाठीं नवी आठवण ठेवावी लागावी, हा प्रकार थोडा विचित्रच होता! नवऱ्यानें भरलेली डायरी बायकोला उघडतां येत नसे, बापाची मुलाला. मराठी घरांत वही ही वस्तु तर सर्वांच्या हाताची असते.

आणि तिसरी गोष्ट सेलाची. या यंत्रांची स्मृति विजेवर तगून असे. बटणासारखा चपटा सेल उतरला कीं सारीं नांवें व तारखा एकदम नाहींशा होत. कांहींत राखीव सेल असे. मात्र दोन्ही सेल एकाच वेळीं काढूं नयेत, अशी ताकीद पुस्तिकेंत इंग्रजींत छापलेली असे, आणि ती पुस्तिका बहुधा डब्याबरोबरच फेंकली गेलेली असे. जुन्या दुकानदाराची कच्ची वही हरवली तर रोजकीर्द मागें उभी होती. या चकचकीत डायरीच्या मागें कोणीच उभें नव्हतें. नक्कल काढण्यासाठीं निराळी तार व संगणक लागे. तालुक्याच्या गांवीं त्या काळीं संगणक किती घरांत असतील हें सांगावयास नकोच.

परदेशांतील चांगल्या कारागिरांनीं या अडचणी ओळखल्या नव्हत्या असें नाहीं. लंडनच्या सायॉन कंपनीनें १९८४ त काढलेल्या ऑर्गनायझरांत नोंदी अशा तुकड्यांवर कोरल्या जात कीं सेल काढला तरी त्या राहत. त्या पुसावयाच्या तर अतिनील किरणांखालीं धराव्या लागत. सारांश, ती वही शाईनें लिहिल्यासारखी पक्की होती. तिचा पडदा एकाच ओळीचा व आकृति ओबडधोबड. तरी इंग्लंडांतील मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांनीं ती गल्ल्यावर वापरली, कारण दुकानाला देखणेपणापेक्षां नोंद टिकणें महत्त्वाचें होतें. याच्या उलट १९९३ त ॲपल कंपनीनें न्यूटन नांवाचें यंत्र काढलें. कोणाचेंहि हस्ताक्षर आपण वाचूं, अशी त्याची प्रतिज्ञा होती. तें अक्षर चुकीचें वाची आणि वर्तमानपत्रांतून त्याची टवाळी होई. शिवाय तें कोणत्याहि खिशांत मावण्यासारखें नव्हतें. १९९८ त कंपनीनें तें बंद केलें.

यानंतर जेफ हॉकिन्स या अमेरिकन गृहस्थाची गोष्ट येते, आणि निवड कशी करावी याचा वस्तुपाठ म्हणून ती सर्वांत मोलाची आहे. नवें यंत्र बनविण्यापूर्वीं त्यानें शर्टाच्या खिशांत मावेल एवढा लांकडाचा ठोकळा कापून घेतला आणि कित्येक महिने तो खिशांत बाळगला. कोणी भेटीची वेळ विचारली कीं तो ठोकळा बाहेर काढी आणि काडीनें त्यावर लिहिल्याचें सोंग करी. कोणत्या वेळीं हात आपोआप खिशाकडे जातो आणि कोणत्या वेळीं जात नाहीं, हें त्याला त्यांतून कळलें. १९९६ च्या मार्च महिन्यांत पाम कंपनीचा पायलट बाजारांत आला तो या परीक्षेंतून उतरून. त्याची स्मृति अवघी १२८ किलोबाइट. पण तो दोन बारीक पेन्सिल सेलांवर आठवड्यांमागून आठवडे चालत असे. शिवाय एक कळ दाबली कीं त्यांतील सारें संगणकांत उतरत असे. नकलेचा जुना रिवाज यंत्रविद्येंत असा परत आला.

हॉकिन्सचा तो ठोकळा शिरूरच्या बाजार आवारांत नेला असता तर काय झालें असतें? कांद्याच्या लिलावांत आंकडा एकदांच पुकारला जातो, हात धुळीनें भरलेले असतात, आणि मुख्य म्हणजे नोंद स्वतःपाशीं ठेवून भागत नाहीं. अडत्याला ती पट्टीवर लिहून शेतकऱ्याच्या हातीं द्यावी लागते. पट्टी फाडून देतां येते, आणि शेतकरी ती घरीं नेऊन चार जणांना दाखवितो. पामच्या १९९८ च्या यंत्रांतून अदृश्य किरणांनीं नोंद पाठवितां येऊं लागली खरी, परंतु ती घेण्यासाठीं समोरच्याच्या हातांत तसलेंच यंत्र पाहिजे. दौंडच्या यार्डांत रात्रपाळीला एका हातांत दिवा असतां दुसऱ्या हातानें यंत्र धरून काडीनें लिहावयाचें कसें, हाहि प्रश्न होताच. ज्याचा दिवस टेबलाशीं व भेटींच्या वेळांत जातो त्याला पायलट उत्तम होता. उभ्यानें काम करणाऱ्यासाठीं तो घडविलेलाच नव्हता.

पायलटच्या लिपीविषयीं मात्र मराठी वाचकास कौतुक वाटावें. न्यूटननें माणसाचें अक्षर शिकूं पाहिलें. पायलटनें माणसालाच नवें वळण शिकविलें. त्याला ग्राफिटी म्हणत. प्रत्येक अक्षर शक्य तों काडी न उचलतां एकाच फटकाऱ्यांत काढावयाचें; इंग्रजी ए या अक्षराची मधली आडवी दांडी गाळून टाकावयाची. बोरू न उचलण्याचें मोडीचें जें मर्म, तेंच हें. लिहिणाऱ्यानें थोडी शिस्त पत्करली तर वाचणाऱ्याचें काम सुकर होतें, हें आपल्या चिटणिसांना ठाऊक होतें. कॅलिफोर्नियांत तें नव्यानें सांपडलें. तेथेंहि त्याच्या मालकीवरून तंटा झाला. एका फटकाऱ्याच्या अक्षरांचें पेटंट आपलें आहे म्हणून झेरॉक्स कंपनीनें १९९७ त दावा लावला, आणि २००३ त पामला लिपीचें वळण बदलावें लागलें. मोडीवर कोणीं पेटंट घेतलें नव्हतें हें मराठी दप्तराचें भाग्य! परंतु एवढी मोडीसारखी रीति असूनहि ग्राफिटींतून उमटे तें इंग्रजीच.

आतां सडपातळपणाकडे येऊं. १९९९ च्या आरंभीं पामनें पाम फाइव्ह हें यंत्र काढलें. ॲल्युमिनियमचें अंग, जाडी सुमारें एक सेंटिमीटर, वजन सव्वाशे ग्रॅमच्याहि आंत. अमेरिकेंतील किंमत ४४९ डॉलर. त्या वेळच्या भावानें सुमारें १९,००० रुपये. याच्या आदल्या वर्षीं निघालेलें पाम थ्री हें यंत्र दिसावयास बोजड, पण स्मृति दोहोंची सारखीच, दोन मेगाबाइट. मग अधिक पैसा कशाचा? तर पातळपणाचा. आणि तो पातळपणा साधला होता पेन्सिल सेल काढून टाकून. त्यांच्या जागीं आंत कायमची बसविलेली लिथियमची बॅटरी आली. ती भरण्यासाठीं यंत्राला त्याच्या बैठकीवर ठेवून विजेचा प्रवाह द्यावा लागे. न्यूयॉर्कच्या कचेरींत ही अडचण नव्हती. परंतु त्यानंतरच्या चार-आठ वर्षांत महाराष्ट्रांतील ग्रामीण भागाला भारनियमनाचे जे तास सोसावे लागले ते आठवले म्हणजे या देखण्या यंत्राची किंमत निराळ्या मापानें करावी लागते. वीज गेली, बॅटरी पार उतरली, कीं स्मृति गेली. पाम थ्रीचे सेल संपले तर बाजारांतून दुसरे आणून झटपट बदलतां येत. अर्थात् पाम फाइव्ह वाईट होतें असें नव्हे. तें ज्या विजेवर विसंबून होतें ती वीज येथें नव्हती, एवढेंच. वस्तु हातांत घेऊन पाहतांना बोटांना जाडी कळते. तिच्यामागें कोणती व्यवस्था गृहीत धरली आहे हें बोटांना कळत नाहीं.

ही व्यवस्था ध्यानांत घेऊन एक प्रयत्न हिंदुस्थानांतच झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आणि एन्कोर या संस्थेंतील अभियंते यांनीं मिळून सिंप्यूटर नांवाचें यंत्र योजिलें. २००१ च्या एप्रिल महिन्यांत त्याचा नमुना लोकांपुढें ठेवला गेला. वाचतां न येणाऱ्यासाठीं चित्रें, आणि भारतीय भाषांतून यंत्रानें मोठ्यानें वाचून दाखवावें अशी सोय. त्याहून विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे प्रत्येकाचें निराळें स्मार्ट कार्ड. यंत्र गांवांत एक असावें, आणि ज्याला काम पडेल त्यानें आपलें कार्ड आंत घालून आपल्या नोंदी पाहाव्या व काम होतांच कार्ड काढून न्यावें. चावडींतील एकाच दप्तरांत प्रत्येकाचें खातें असावें, तशीच ही कल्पना.

भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यांत तयार होऊन २००४ च्या मार्च महिन्यांत त्याची विक्री सुरू झाली. सर्वांत स्वस्त यंत्राची किंमत ९,९५० रुपये. खप कांहीं हजारांच्या पलीकडे गेला नाहीं. पुष्कळांनीं याचा दोष किंमतीवर टाकला, आणि तो अंशतः खराहि आहे. परंतु मधल्या काळांत दुसरीच घटना घडली होती. १९९५ च्या ३१ जुलैला देशांतील पहिलें मोबाइल संभाषण झालें तेव्हां बोलण्याचा दर मिनिटाला कित्येक रुपये होता, आणि आलेल्या फोनाचेहि पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून आलेला फोन फुकट झाला; त्याच वर्षीं नोकियानें ११०० या क्रमांकाचा फोन काढला. त्याला धूळ न शिरणाऱ्या कळा होत्या आणि टोंकाला विजेरी होती. तो ऑर्गनायझर म्हणून कोणीं घेतला नाहीं. परंतु त्यांत नांवें राहत, गजर लावतां येई, आणि रात्रीं मोटर चालू करावयास शेतावर जातांना उजेड मिळे. वहीसाठीं निराळें यंत्र घ्यावयाची कोणाला गरजच उरली नाहीं. सिंप्यूटरच्या कर्त्यांनीं भाषा ओळखली, गांव ओळखला. फक्त बोलावयाची सोय त्यांनीं दुय्यम मानली होती.

शिरूर तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. पाबळ येथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापला. मोठ्या कंपनींतील संशोधकाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गांवीं येऊन राहिले. शाळा सोडलेल्या मुलांनीं हातानें काम करीत शास्त्र शिकावें, ही त्यांची पद्धति. २००२ त अमेरिकेंतील एम. आय. टी. च्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या मदतीनें तेथें फॅब लॅब म्हणजे छोटी कार्यशाळा उभी राहिली, एम. आय. टी. च्या बाहेर उभ्या राहिलेल्या अशा कार्यशाळांपैकीं ती अगदीं पहिल्यांतली. दुधाची प्रत तपासणें, डिझेल इंजिनाची वेळ जुळविणें, असल्या नित्याच्या गरजांसाठीं आपणच मोजयंत्र बनवितां येईल काय, हा तेथला प्रश्न होता. दुकानांत गेलेला माणूस हीं यंत्रें कोणकोणतीं कामें करितात असें विचारतो. पाबळास आपलें काम कोणतें असें आधीं विचारलें गेलें. ज्या वर्षांत सडपातळ डायऱ्यांच्या जाहिराती इंग्रजी मासिकांत झळकत होत्या त्याच वर्षांत पाबळास हें चाललें होतें.

लिपीचा प्रश्न सुटावयास मात्र फार काळ लागला, आणि तो सुटला नसता तर पुढील कांहींच घडलें नसतें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं दीर्घकाळ खटपट केली. १९९१ त इस्की ही संकेतपद्धति भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतहि देवनागरीला जागा मिळाली. परंतु संकेत ठरला म्हणून अक्षर पडद्यावर उमटतेंच असें नाहीं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील र चें रूप हिंदींत लागत नाहीं; तें मराठीचें खास आहे, आणि त्याच्यासाठीं निराळी व्यवस्था करावी लागली. आरंभींच्या अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरें तुटून पडत, वेलांट्या भलत्या जागीं जात. २०१० नंतरच्या दशकांत हळूहळू मराठी नीट उमटूं लागलें आणि ‘वाघ’ हें नांव प्रथमच ‘व’ खालीं सांपडूं लागलें. तोंवर पाम कंपनी ह्यूलेट-पॅकर्डनें २०१० त विकत घेऊन २०११ त तिचीं यंत्रें बंदहि केलीं होतीं.

त्याच २०११ सालीं सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेसाठीं गणकांबरोबर हातांत मावणारीं यंत्रें देशभर खेडोपाडीं फिरलीं. तीं तयार केलीं होतीं भारत इलेक्ट्रॉनिक्सनें, म्हणजे ज्या कारखान्यानें सिंप्यूटर बनविला होता त्यानेंच. प्रश्न विचारणारा सरकारचा, यंत्र सरकारचें, नोंदहि सरकारची. घरधनी फक्त उत्तरें देत होता.

दहा वर्षांनीं हें उलटलें. सातबारा या नांवांतील सात म्हणजे मालकीचा नमुना व बारा म्हणजे पिकांची नोंदवही. ही बारा नंबरची नोंद तलाठ्यानें शिवारांत फिरून करावयाची, असा दंडक होता. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, सारें त्या एका ओळीवर ठरे. आणि शेतांत कांदा असतां कागदावर बाजरी लागली तर ती दुरुस्त होईपर्यंत हंगाम निघून जाई. महाराष्ट्र सरकारनें २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू केली आणि ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या फोनावरून करावी अशी रीत घातली. शिरूरकडील शेतकऱ्यानें आपल्या कांद्याची आणि दौंडकडील शेतकऱ्यानें आपल्या उसाची नोंद आपल्या बांधावर उभें राहून, मराठींत, पिकाच्या छायाचित्रासह करावयाची होती. कुळकर्ण्याच्या काखेंतील रुमाल असा शेतकऱ्याच्या खिशांत आला. अडचणी संपल्या नाहींत. कोठें फोनाला तरंग मिळेना, कोणाकडे साधा फोनच होता, आणि वृद्ध खातेदाराला शेजारच्या मुलाला हांक मारावी लागली. पण नोंद पुढें गेली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याला चावडीवर जावें लागलें नाहीं, आणि फोन विहिरींत पडला असता तरी पिकाची ओळ सरकारच्या दप्तरांत राहिलीच असती.